जखमी बैलाला पोलिसांनी दोरीनं ओढलं. तक्रार करू का? मुलाची पडताळणी त्याच ठाण्यातून होणार आहे

दूधकेंद्र_सातारा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातली. साताऱ्याहून कराडकडे जाताना महामार्गाला लागून आमचं गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. मी आणि माझे मिस्टर दूध संकलन केंद्र चालवतो. पहाटे साडेचारला शटर वर जातं, त्यामुळे रस्त्यावर काय घडतं ते गावात सगळ्यांत आधी आम्हाला दिसतं.

जानेवारीतली गोष्ट आहे. कारखान्यांचा हंगाम भरात होता. शेंद्रे ते कागल सहापदरीचं काम चालू असल्यानं आमच्या इथली वाहतूक सर्व्हिस रोडवरून वळवली होती. उसाच्या टायरगाड्या फडातून रात्रीच भरून निघतात, म्हणजे पहाटे कारखान्यावर नंबर लागतो. मी फॅट मशीन चालू करत होते, तेवढ्यात बाहेर मोठा आवाज झाला. एका पिकअपनं ओव्हरटेक करताना गाडीच्या उजव्या बैलाला ठोकरलं आणि न थांबता निघून गेली.

गाडीवान बीडकडचा, वडवणीच्या बाजूचा. बरोबर बायको, आणि वर उसावर गोधडीत झोपलेली पाच-सहा वर्षांची पोरगी. माणसांना फारसं लागलं नाही, गाडीवानाचा कोपर तेवढा सोलला होता. आमच्याकडे दूध घालायला आलेल्या लोकांनी जुपणी सोडली, गाडीला टेकू लावला, डावा बैल बाजूला बांधला. तो नुसता थरथरत होता. उजव्याचा मागचा पाय गुडघ्याखाली मोडून हाड बाहेर आलं होतं. बैल दोनदा उठायला गेला. तिसऱ्यांदा त्यानं प्रयत्न केला नाही. गाडीवानाची बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यातच बसली.

माझा मुलगा वीस वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. सोळाशे मीटरच्या सरावाला निघाला होता. त्यानंच ११२ ला फोन लावला. वीस मिनिटांत गाडी आली, हे मी आवर्जून लिहिते. एक उपनिरीक्षक साहेब आणि गाडी चालवणारे एक वयस्कर हवालदार.

साहेबांनी पहिलं विचारलं, “माणूस कोण गेलाय का?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग रस्ता मोकळा करा.” गाड्यांची रांग लागली होती हे खरं. त्यांनी दोरी मागवली, बैलाच्या मानेला आणि पुढच्या पायांना बांधायला लावली आणि दुसरं टोक आमच्याच वाडीतल्या ट्रॅक्टरला. गाडीवान हात जोडून सांगत होता, “सायेब, वढू नका. ताडपत्रीवर घेऊ, धा मान्सं हायती.” माणसं खरोखरच होती, मी मोजलं तर बारा भरली असती. साहेब म्हणाले, “तुझ्या बैलासाठी हायवे बंद ठेवू का? जास्त बोललास तर रिफ्लेक्टर नव्हता म्हणून तुझ्यावरच केस करीन.” रिफ्लेक्टर होता. गाडीच्या मागच्या फळीवर लाल पट्टी होती, मी स्वतः पाहिली.

ट्रॅक्टरनं पंधरा-वीस फूट खडीवरून ओढत नेलं. त्या वेळी बैलानं जो आवाज काढला तो मला लिहिता येणार नाही. गाई-म्हशींत माझा जन्म गेला, असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोडलेला पाय खडीत अडकला, तरी ट्रॅक्टर थांबवू दिला नाही.

नंतर “ग्रामपंचायतीला कळवा” एवढं सांगून ते गेले. ना पंचनामा, ना पिकअपचा नंबर कुणी पाहिला का याची चौकशी. हवालदार सगळा वेळ एक शब्द बोलले नाहीत. जाताना फक्त गळ्यातला मफलर काढून बैलाच्या डोळ्यांवर टाकून गेले.

आठच्या सुमाराला तेच हवालदार साध्या कपड्यांत मोटरसायकलवरून परत आले. ड्युटी संपली होती. मागे सरकारी दवाखान्याचे डॉक्टर बसलेले. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पाय धुतला, बांधला. तोवर बैलाचं पोट फुगलं होतं. साडेदहाला बैल गेला. शेजारच्या बांधाकडेला खड्डा काढून पुरला, मीठ आमच्या घरचं दिलं. हवालदार खड्डा बुजेपर्यंत थांबले होते. मी चहा दिला तर घेतला नाही.

आता माझं विचारणं. पोलिसांनी असं करणं कायद्यात बसतं का? जखमी जनावराबाबत त्यांचं काही काम ठरवून दिलेलं असतं की नाही? आणि तक्रार करायची तर कुठे? गावात सगळे म्हणतात गप्प बस, पोराची चारित्र्य पडताळणी याच ठाण्यातून होणार आहे. मिस्टरांचंही तेच मत आहे. शिवाय तक्रार केली तर हवालदारांनाच त्रास होईल का, हीसुद्धा मला भीती आहे.

दोन गोष्टी मनातून जात नाहीत म्हणून इथे लिहिते आहे. आमच्याकडे दूध घालायला एक बाई येते, तिला नवरा मारतो. मी महिनाभर तिच्या मागे लागले होते की ठाण्यात जाऊ, मी बरोबर येते. त्या सकाळी तीसुद्धा तिथे होती. दुसऱ्या दिवशी किटली ठेवताना म्हणाली, “वहिनी, ऱ्हाऊ द्या आता.” एवढंच.

आणि माझा मुलगा. चार दिवस पळायला गेला नाही. पाय दुखतोय म्हणाला. पाचव्या दिवशी रात्री जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, “आई, साहेबांनी मागितल्यावर दोरी मीच आणून दिली होती.”

---

निवृत्त_फौजदार_सांगली

ताई, चौतीस वर्षं खात्यात काढून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आधी तुमच्या भीतीचं उत्तर देतो, कारण बाकी सगळं त्याच्यामुळे अडलंय.

चारित्र्य पडताळणीत मुलावर गुन्हा दाखल आहे का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली आहे का, हे बघतात. आईनं एका अधिकाऱ्याविरुद्ध अर्ज दिला याची त्यात नोंद होत नाही. कुणी तोंडी भीती घातली तर ती भीती घालणाऱ्याची चूक आहे, आणि तीही लेखी कळवता येते. अर्ज त्या ठाण्यात देऊ नका. उपविभागीय पोलीस अधिकारी किंवा साताऱ्याला पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पोलीस तक्रार प्राधिकरण नावाची यंत्रणाही आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानंतर आलेली, पण ती गंभीर प्रकरणांसाठी. तुमचं काम अधीक्षक कार्यालयात होईल.

आता कायदा. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम आहे. त्याच्या कलम १३ मध्ये हाच प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा लिहिलेला आहे. जनावर इतकं जखमी आहे की हलवणंच क्रूरपणाचं होईल, आणि मालक हजर नसेल किंवा मारायला राजी नसेल, तर शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलिसाला त्या भागातल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला ताबडतोब बोलावता येतं. त्यानं जगवणं क्रूर ठरेल असा दाखला दिला आणि दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळाला, तरच त्याला वेदनेतून सोडवायचं. शिपायाच्या वरचा म्हणजे हवालदार आलाच. म्हणजे तुमचे हवालदार डॉक्टरांना घेऊन आले ते दयेपोटी आले असतील, पण जे काम केलं ते कायद्यानं पोलिसाच्याच हातात दिलेलं होतं. अर्जात हे असंच लिहा. त्यांना त्रास होणार नाही, उलट बाजू भक्कम होईल.

त्याच कायद्याचं कलम ११ विनाकारण वेदना देण्याबद्दल आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. १९६० साली ठरलेला. त्यातले बहुतेक प्रकार अदखलपात्र. मी ठाणे अंमलदार असताना लोक असली तक्रार घेऊन यायचे आणि आम्ही अदखलपात्र नोंद करून समज द्यायचो, त्यापलीकडे हातात फारसं काही नसायचं. म्हणून साहेबांवर गुन्हा दाखल करा असं म्हणत बसू नका. खात्यांतर्गत चौकशी मागा: पंचनामा का केला नाही, पशुवैद्याला का बोलावलं नाही, स्टेशन डायरीला काय नोंद आहे, ११२ च्या कॉलवर काय कार्यवाही दाखवली आहे.

पिकअपवाल्याचं वेगळं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिचं कलम ३२५ जनावराला मारणं किंवा जायबंदी करण्याबद्दल आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तिथे हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. इथे लागू होईल ते हयगयीनं गाडी चालवण्याचं कलम २८१, आणि गाडीवानाचा कोपर सोलला म्हणजे १२५ सुद्धा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १३२ मध्ये अपघातानंतर गाडी थांबवण्याबद्दल आहे आणि त्यात जनावरही धरलंय. त्या कलमात जनावर म्हणजे घोडा, गाय-बैल, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. कुत्रं-मांजर त्यात नाही. बैल आहे. तेव्हा बैलच होता, कुणाला काय लागलंय, हे म्हणायला जागा नव्हती.

आता माझं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मिरज रस्त्यावर एका टांग्याचा घोडा उन्हात कोसळला. वर मंत्र्यांचा ताफा यायचा होता. मी काठीनं मारून मारून त्या घोड्याला उठवलं. उठला आणि पन्नास पावलांवर परत पडला. टांगेवाला काही बोलला नाही, माझ्याकडे बघत राहिला. पुढच्या वर्षी त्याच अड्ड्यावर मारामारी झाली, एकाचा डोळा गेला. टांगेवाला समोर उभा होता. जबाब घ्यायला मीच गेलो. म्हणाला, “साहेब, माझी पाठ होती.” तीनदा गेलो, तीनदा तेच. आरोपी सुटले. पाठ नव्हती त्याची, ते मला माहीत होतं आणि मला ते माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.

तुमची ती दूध घालणारी बाई वाचून मला तोच आठवला.

मुलाला सांगा, वर्दीतल्या माणसानं दोरी आण म्हटल्यावर वीस वर्षांचं पोर दोरी देणारच. त्यानं ११२ ला फोनही केला होता, तेही त्यानंच.

---

मिरज_ट्रान्सपोर्ट

मी गाड्यांच्या धंद्यात आहे, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पहाटे पाचला अंधारात, काम चालू असलेल्या रस्त्यात चारशे किलोचं जनावर आणि त्याच्याभोवती माणसं बसलेली. मागून एखादा डुलकी लागलेला ट्रेलरवाला आला असता तर ती बाई आणि पोरगी दोघी गेल्या असत्या. आमच्या एका गाडीचा क्लीनर असाच, मेलेली म्हैस बाजूला करताना गेला. अधिकाऱ्यानं रस्ता आधी मोकळा केला यात मला चूक दिसत नाही. पद्धत चुकली, धमकी तर फारच चुकली. पण रात्रपाळीला दोन माणसं, जवळ दोरीसुद्धा नाही, हेही बघा.

---

दूधकेंद्र_सातारा

दादा, राग नाही. तुमच्या क्लीनरचं वाचून वाईट वाटलं. बैल रस्त्यात ठेवा असं तिथे कुणीच म्हणत नव्हतं. गाडीवानही नाही. तो फक्त ताडपत्री म्हणत होता. ताडपत्री आमच्या शेडवर होती, काढायला दोन मिनिटं लागली असती. पुढे-मागे दोन ट्रॅक्टर लाइट लावून आडवे उभे केले असते तर रस्ताही झाकला असता. साहेबांनी एकदा विचारलं असतं तर सगळे हललो असतो. आम्ही बाराजण हात बांधून उभे राहिलो, हे मला जास्त लागलंय.

---

पशुवैद्य_खानापूर

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, आता विट्याच्या बाजूला खासगी काम करतो. कायद्याचं काकांनी सांगितलं. मी जनावराचं सांगतो, कारण पुढचा हंगाम येणार आहे आणि हा प्रसंग परत कुणाच्या तरी दारात घडणार आहे.

हा बैल वाचला असता का? खरं सांगायचं तर बहुधा नाही. मोठ्या बैलाचा मागचा पाय, हाड बाहेर आलेलं, त्यात माती. अशा बैलाला परत जुवाला येताना मी तरी पाहिलेलं नाही. पण त्याचे शेवटचे पाच-सहा तास वेगळे गेले असते.

आडव्या पडलेल्या रवंथ करणाऱ्या जनावराला सगळ्यात मोठा धोका पोटफुगीचा. एका कुशीवर सपाट पडलं की पोटातला वायू ढेकर होऊन बाहेर पडत नाही, पोट फुगतं, छातीवर दाब येतो आणि श्वास कोंडतो. तुम्ही पोट फुगलं होतं लिहिलंय, ते हेच. म्हणून पहिलं काम, जनावराला छातीवर बसतं करायचं आणि कलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उसाच्या मोळ्या किंवा पोती लावायची. तुमच्याकडे तर अख्खी गाडी उसानं भरलेली होती. डोकं वर धरता येत नसेल तर पाणी पाजू नका, फुप्फुसात जातं. लोक मायेनं पाजतात आणि तिथेच घात होतो. डोळ्यांवर कापड टाकलं की जनावर शांत होतं. हवालदारांनी मफलर टाकला ते त्यांना कुणी शिकवलं असेल तर त्या माणसाचे आभार मानायला हवेत.

हलवायचं तर ताडपत्री, जाड गोधडी, नाहीतर घराचा जुना दरवाजा. जनावर त्यावर सरकवायचं आणि ते ओढायचं, जनावराला ओढायचं नाही. मान, शेपूट, मोडका पाय यांना दोरी बांधायचीच नाही. मोडलेल्या पायाला हलवण्याआधी दोन बाजूंनी बांबूच्या कामट्या लावून कापडानं गुंडाळलं तरी निम्म्या यातना कमी होतात. आणि वेदनाशामक म्हणून घरातलं डायक्लोफिनॅक देऊ नका. त्यानं गिधाडं मेली म्हणून २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे. आम्ही मेलॉक्सिकॅम देतो.

फोन कुणाला करायचा तेही लिहून ठेवा. जनावरांसाठी १९६२, फिरतं पशुचिकित्सा पथक. राष्ट्रीय महामार्गावर काही झालं तर १०३३, रस्ता अडवायला आणि क्रेनसाठी. पोलिसांना ११२. वन्यप्राणी असेल, चांदोली-कोयनेच्या बाजूला गवा किंवा बिबट्या गाडीखाली येतो, तर १९२६ वन विभाग. त्याच्या जवळ कुणी जायचं नाही, पोलिसांनीही गर्दी फक्त मागे ठेवायची.

एक विनंती, कोल्हापूर परिक्षेत्रातले कुणी पोलीस वाचत असतील तर. आम्हाला ठाण्यात बोलवा. अर्ध्या दिवसात एवढं सगळं दाखवता येतं. मी माझ्या भागात पैसे न घेता येईन.

---

आटपाडीचा_एक

माझे वडील सोळा हंगाम टायरगाडीवर होते. मी पण त्या पोरीसारखा उसावर झोपून मोठा झालो. आता नोकरीत आहे.

वरच्या चर्चेत एक राहिलं. गाडीवानानं मुकादमाकडून उचल, म्हणजे कामाआधीच आगाऊ पैसे, घेतलेली असते. एक बैल गेला की गाडी बसली, गाडी बसली की उचल फिटत नाही, आणि ती पुढच्या वर्षावर जाते. एकटा बैल विकला तर निम्मी किंमतसुद्धा येत नाही, कारण जोडी मोडलेली असते. त्याला भरपाई मिळायची तर, विमा असो की सरकारी मदत, पोलिसांचा पंचनामा आणि डॉक्टरांचा शवविच्छेदनाचा दाखला लागतो, बैलाच्या कानातल्या बिल्ल्यावरच्या बारा आकडी नंबरासकट. पंचनामा न करता साहेब निघून गेले, तिथे त्या माणसाचं नुसतं मन दुखावलं नाही, त्याचा कागद गेला. तो परगावचा, भाषा वेगळी, बायको-पोर रस्त्यात. तो ठाण्यात जाऊन पंचनामा मागणार नाही. माझे वडील तर पोलीस गाडी दिसली की टोपी काढून बाजूला उभे राहायचे, काही केलेलं नसताना.

ताई, तुम्ही अर्ज द्याल तर त्यात गाडीवानाचा पंचनामा हा पहिला मुद्दा घाला. तुमचा नंतर.

---

दूधकेंद्र_सातारा

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहिते आहे, मध्ये बरंच झालं.

आटपाडीच्या दादांचं वाचलं त्या रात्री झोप आली नाही. मी एवढं लांबलचक लिहिलं, पण पंचनामा नसल्यानं त्या माणसाचं काय होईल हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासणीचे आणि मृत्यूचे कागद केलेले होते, कानातल्या बिल्ल्याचा नंबरही लिहून घेतला होता. त्यांनी प्रत दिली.

अर्ज माझ्या हातानं लिहिला. कलम १३ फौजदार काकांनी सांगितलं तसं घातलं. पहिला मुद्दा पंचनाम्याचा. साहेबांनी रिफ्लेक्टरबद्दल जे म्हटलं ते शब्दशः लिहिलं. हवालदारांनी काय केलं त्याचा वेगळा परिच्छेद केला. सही करताना मिस्टर म्हणाले, “मुलाला विचारलंस का?” विचारलं. तो म्हणाला, “साक्षीदार म्हणून माझं नाव घाल.” मी नको म्हटलं, त्यानं कागद ओढून स्वतःच लिहिलं. बाराजणांपैकी सात जणांनी सह्या केल्या. ट्रॅक्टरवाल्यानंही केली, त्याचा हात थरथरत होता. साताऱ्याला जाऊन दिला, आवक शिक्का घेतला.

गेल्या आठवड्यात उपविभागीय कार्यालयातून बोलावणं आलं. एका महिला अधिकाऱ्यांनी जबाब घेतला, पाऊण तास. नीट बसवून घेतला, मध्ये तोडलं नाही. पंचनामा आता जागेवर येऊन करणार आहेत, पण गाडीवान लागेल म्हणतात. पुढे काय होतंय ते कळलं की इथे लिहीन. दूध घालणाऱ्या त्या बाईला मी हे सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, पण त्या महिला अधिकाऱ्यांचं नाव काय, एवढं विचारून घेतलं.

हवालदार परवा केंद्रावर आले होते. मला वाटलं अर्जाबद्दल बोलतील. नाही बोलले. मफलर धुऊन ठेवला होता तो दिला. म्हणाले, त्यांच्या वडिलांची खिलार जोडी होती, डोळे झाकायचं वडिलांनी शिकवलेलं. मग मुलगा कुठाय विचारलं. पळायला गेलाय म्हटलं, तर घड्याळात बघून म्हणाले, “सोळाशेला किती लागतात त्याला?”

आता एक मदत हवी आहे. त्या बैलाच्या गळ्यातली घुंगूरमाळ, पितळी, मधला एक घुंगरू चेपलेला, आमच्या शेडजवळ खडीत सापडली. ती आमच्याकडे आहे. गाडीवान दुसऱ्या दिवशी टोळीबरोबर पुढच्या फडाला गेला आणि हंगाम संपल्यावर गावी गेला असणार. वडवणी तालुक्याच्या बाजूचा, बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी, उरलेला डावा बैल पांढरा, एका शिंगाचं टोक तुटलेलं. तिकडचं कुणी वाचत असेल, कुणाच्या ओळखीत अशी टोळी असेल, तर त्याला एवढाच निरोप द्या की डॉक्टरांचे कागद तयार आहेत, पंचनाम्यासाठी एकदा यावं लागेल, जायचं-यायचं भाडं आम्ही देऊ, आणि माळ ठेवली आहे.